सगळं आत आहे

आमच्या घराखाली सराफांची दुकानं आहेत. जबलपूरच्या सराफ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला सोन्याचा भाव विचारावा लागत नाही, तो जिन्याने आपोआप वर येतो. अकराच्या सुमाराला खालची शटरं वर जातात, पाठोपाठ भाव वर जातो, आणि आई तो मला स्वयंपाकघरातून ऐकवते. ऐकवताना ती माझ्याकडे बघत नाही. कपाटावर ठेवलेल्या एका काळ्या पिशवीकडे बघते.

त्या पिशवीत माझं नेटबुक असे. ३ नोव्हेंबर २०१० रोजी, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, मी ते विकत आणलं. पिशवीसकट त्याला जे पैसे पडले त्यात त्या दिवशी जवळजवळ एक तोळा सोनं आलं असतं. ‘जवळजवळ’ हा माझा शब्द. आईच्या हिशेबात तोळा पुरा आहे.

“धनत्रयोदशीला धातू घेतात,” ती म्हणाली होती. “यात धातू आहे का?”

“आहे ना. आत सोनंसुद्धा असतं थोडं. सर्किटच्या टोकांना मुलामा असतो.”

“किती?”

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला नको होतं, आणि येतही नव्हतं. पण आईनं तो प्रश्न मनात नोंदवून ठेवला. पुढे तो कामाला आला.

नव्या पिढीला नेटबुक म्हणजे काय ते सांगावं लागेल. २००७ साली तैवानच्या आसुस कंपनीनं ‘ई पीसी’ नावाचा इवलासा संगणक बाजारात आणला. सात इंची पडदा, चार जीबीची साठवण आणि लॅपटॉपच्या मानानं बरीच कमी किंमत. तो धडाक्यात खपला. मग बाकीच्या कंपन्या धावल्या, आणि दोन-तीन वर्षांत दुकानांच्या काचेमागे शाळकरी पाटीएवढे संगणक ओळीनं येऊन बसले. माझं नेटबुक त्या ओळीतलं. दहा इंचांचा पडदा, एक जीबी मेमरी आणि इंटेलचा ‘ॲटम’ नावाचा प्रोसेसर. ॲटम म्हणजे अणू. हा अणू सकाळी चालू केला की माझी आंघोळ होईपर्यंत जागा होत असे, आणि जागा झाल्यावरही अंथरुणात लोळत पडलेला असे.

त्यात विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नावाची सर्वांत गरीब आवृत्ती होती. हिच्यात पडद्यामागचं चित्र बदलायची परवानगी नव्हती. कंपनीनं जे निळं चित्र लावून दिलंय ते जन्मभर बघायचं. मला त्याचं विशेष वाटलं नाही. सराफ्यातल्या या जुन्या घरात आम्ही तीन पिढ्यांचे भाडेकरू. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं, हे आमच्या रक्तात आहे.

खरेदी मढातालजवळच्या एका दुकानात झाली. त्या भागात संगणकांची इतकी दुकानं आहेत की एका दुकानदाराशी बोलताना शेजारचा उत्तर देतो. खोकं उघडलं. आत यंत्र, चार्जर, बॅटरी आणि वॉरंटीचं एक घडीचं पत्रक, जे उलगडल्यावर चादरीएवढं झालं आणि पुन्हा कधीच घडी झालं नाही. मी खोक्यात हात घालून तळ चाचपला.

“भैया, सीडी?”

“सीडी नहीं आती इसमें, बड्डे.”

‘बड्डे’ हे जबलपूरचं सर्वनाम आहे. वडील, मुलगा, रिक्षावाला, न्यायाधीश, सगळे बड्डे. हाक प्रेमाची आहे, पण व्यवहारात कुणी ‘बड्डे’ म्हणालं की आपले पैसे गेले असं समजावं.

“मग उद्या बिघडलं तर?”

“सब अंदर है.”

“अंदर कहाँ?”

त्यानं क्षणभर विचार केला. “अंदर मतलब... अंदर.”

त्याचं बरोबर होतं. पूर्वी संगणकाबरोबर डिस्क मिळायच्या. यंत्र कोलमडलं की त्या घालून ते पुन्हा पहिल्यासारखं करता येई. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की लाखो डिस्क छापायच्या, पाकिटात घालायच्या, पाठवायच्या, हा खर्च उगाच आहे. त्यांनी त्या डिस्कांमधला ऐवज संगणकाच्याच हार्ड डिस्कच्या एका छुप्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली, आणि ग्राहकाला सांगितलं की कोऱ्या डिस्क आण, आणि यावरून तूच नक्कल करून घे. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच खिळ्याला टांगायची, दार ओढून घ्यायचं, आणि वर पाहुण्याला सांगायचं की हिची एक नक्कल करून खिशात ठेवायला विसरू नकोस हं.

दुकानात मला हे पटलं. दुकानात मला सगळंच पटतं.

आईला पटलं नाही. आईचा एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात बिस्किटं होती. आता पावत्या आहेत. १९६८ साली तिच्या लग्नात घेतलेल्या पाटल्यांची पावती त्यात आहे, आणि त्या पावतीवर वजन, कस, मजुरी सगळं शाईनं लिहिलेलं आहे. सराफाकडची वस्तू घेताना ती मोडायचं आधी बोललं जातं. हा डाग पुढे मोडायला आणलात तर घट किती धरू, हे शेठ घेण्याआधीच सांगतो. आई म्हणाली, “मोडल्यावर काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही?”

“सांगितलं. सगळं आत आहे म्हणाला.”

“आपल्या नगरपालिकेच्या नळासारखं,” आई म्हणाली.

पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. तुमच्या रिकव्हरी डिस्क अजून तयार केलेल्या नाहीत, त्या आत्ता करायच्या की नंतर आठवण करून देऊ, असं ती विचारत होती. मी ‘आत्ता’ दाबलं. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचा इतिहास माझ्या विरोधात जातो. ‘आत्ता’ दाबल्यावर नेटबुकनं कोरी डीव्हीडी घालायला सांगितलं.

मी नेटबुक हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. उलटं करून पाहिलं. आईनं चष्मा लावून पाहिलं. डीव्हीडी घालायला त्याला जागाच नव्हती. नेटबुक हलकं आणि पातळ राहावं म्हणून डिस्कचा खण त्यातून काढूनच टाकलेला असे. तीच तर त्याची ख्याती. ज्याला तोंडच दिलेलं नाही त्याला गोळी गिळायला सांगत होते.

“बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागेल,” दुकानदार फोनवर म्हणाला. त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला आणि ‘नंतर’ दाबलं.

तसं ते बटण दाबणंही सोपं नव्हतं. नेटबुकचा पडदा आडवा होता १०२४ ठिपक्यांचा, पण उभा जेमतेम ६०० ठिपक्यांचा. बऱ्याच चौकटी त्याहून उंच असत. प्रश्न वर दिसे आणि ‘ठीक आहे’ हे बटण पडद्याच्या खाली, साधारण टेबलाच्या खणात असे. म्हणून मी न वाचता एंटर मारायला शिकलो. आयुष्यात पुढे मी ज्या ज्या गोष्टींना संमती दिली त्यांतल्या बऱ्याच अशा दिल्या.

‘नंतर’ हे बटण ज्यानं शोधलं तो माणूस मला एकदा बघायचा आहे. ‘नको’ म्हणायला धाडस लागतं, ‘आत्ता’ म्हणायला कष्ट लागतात. ‘नंतर’ म्हणणाऱ्याला काहीच लागत नाही, उलट आपण जबाबदार आहोत असं वाटत राहतं. मी रोज सकाळी दात घासतो, देवाला नमस्कार करतो आणि ‘नंतर’ दाबतो, असा क्रम बसला. संक्रांत गेली, होळी गेली. गोलबाजारच्या दत्त मंदिरात एका परिचितानं सहज विचारलं, “काय, नवीन लॅपटॉप घेतलास म्हणे? डिस्क करून ठेवल्यास ना?” मी तोंडभर हसून म्हणालो, “करतोच आहे.” दत्तासमोर.

आता मूळ घोटाळा सांगतो. तो कंपनीनं केला नाही, दुकानदारानंही नाही.

नेटबुकच्या खोक्यावर ‘२५० जीबी’ असं ठळक छापलं होतं. एकदा रिकामा बसलो होतो म्हणून मी आत जाऊन मोजलं, तर विंडोजच्या हिशेबानं सगळी डिस्क मिळून २३२ भरत होती. त्यातून तो छुपा कप्पा वजा जाता माझ्या वापरायला उरले होते २१८. मी सराफ्यात जन्मलेला माणूस. तीन पिढ्या ताजव्यांच्या वर राहिलो. मला हे सहन होणं शक्य नव्हतं. मी खाली जाऊन शेठना सांगितलं, अडीचशे सांगून दोनशे अठरा दिले.

शेठ गादीवरून थोडे उठले. “बाऊजी, इतना तो हम टाँके में भी नहीं काटते!”

वास्तविक यात कुणी लबाडी केलेली नव्हती. हार्ड डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ऐवज तोच, मापं दोन. सराफ्यात तर हे आम्हाला आधी कळायला हवं होतं, कारण तोळासुद्धा जुन्या मापानं ११.६६ ग्रॅमचा आणि आता बाजारात दहा ग्रॅमचा, आणि तरीही सगळे सुखानं त्याला तोळाच म्हणतात. पण हे ज्ञान मला नंतर झालं. त्या वेळी माझ्या अंगात फक्त संताप होता आणि शेठचं नैतिक पाठबळ होतं.

मी नेटबुक घेऊन एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे गेलो. “माझी जागा कमी दिसते. मला पूर्ण पाहिजे.”

त्यानं दहा मिनिटं खाटखुट केली आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाला, “लो बड्डे. कंपनीवालों ने चौदह जीबी दबा के रखी थी. निकाल दी.”

मी त्याला पन्नास रुपये दिले आणि वर बडा फुहाऱ्याजवळ नेऊन खोव्याची जिलबी खाऊ घातली. कमानिया गेटखालून घरी येताना, म्हणजे १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत उभारलेल्या त्या कमानीखालून, माझी चाल लढाई जिंकल्यासारखी होती. घरी आल्यावर लक्षात आलं की ती रोजची चौकटसुद्धा उगवायची बंद झालीय. मला आणखीच बरं वाटलं. कटकट गेली!

वर्षभर काही झालं नाही. २०१२च्या मे महिन्यात, जबलपूरला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये खेळत होता तेव्हा, एका सकाळी नेटबुकनं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कळवलं की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. मी बंद करून चालू केलं. सापडत नव्हती. बॅटरी काढून, फुंकर मारून, पुन्हा घातली. ओल्या फडक्यानं पुसलं. आईनं उदबत्ती ओवाळताना नेटबुकवरूनही एकदा फिरवली. सापडत नव्हती.

पुण्याला भाचा संगणकातला आहे. आमची मराठी ऐकून पुण्याच्या लोकांना आम्ही हिंदी बोलतोय असं वाटतं, त्यामुळे फोनवर पहिली पाच मिनिटं ‘चाबी’ म्हणजे किल्ली आणि ‘खराब झालं’ म्हणजे बिघडलं हे समजावण्यात जातात. १९५६पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, हे मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो. त्याच्यावर परिणाम होत नाही.

“मामा, काळजी करू नका. त्यात छुपा रिकव्हरी कप्पा असतो. चालू होतानाच एक की दाबायची.”

“कुठली?”

“ते कंपनीवर आहे. कुणाची एफ ९, कुणाची एफ ११, कुणाची एफ ४, कुणाची ऑल्ट धरून एफ १०.”

मी सगळ्या दाबल्या. एकेक दाबली, जोडीनं दाबल्या, शेवटी दोन्ही हातांनी पेटीवर भैरवी घ्यावी तशी पूर्ण ओळ दाबली. काही झालं नाही. भाच्यानं मला आणखी काही पायऱ्या करायला लावल्या, पडद्यावर काय येतंय ते वाचायला लावलं, आणि मग बराच वेळ गप्प बसला.

“मामा, तो कप्पाच दिसत नाहीये. कुणी उडवला का?”

“कोण कशाला उडवेल?” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला. “तूच उडवायला लावलास. घट भरून घेतलीस ना?”

त्या चौदा जीबीत काय दडलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. शेठच्या भाषेत सांगायचं तर मी पाटलीतला टाका खोट समजून काढून घेतला होता, आणि मग पाटली उघडली म्हणून रडत होतो.

तोच दुरुस्तीवाला मुलगा मदतीला तयार होता. तीनशे रुपयांत ‘विंडोज डाल देता हूँ’ म्हणाला. त्याच्याकडे डिस्कांची चवड होती, सगळ्यांवर स्केचपेननं नावं. मी विचारलं, ही असली आहे का? तो म्हणाला, “चलती असली जैसी है.” मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण आई म्हणाली, “चोरीचं सोनं आपला शेठ घेत नाही,” आणि विषय संपला. आम्ही विंडोजचे पैसे भरले होते, परवान्याची चिकटपट्टी नेटबुकच्या पोटावर होती, आणि आता आम्ही कंपनीकडून आमच्या हक्काच्या डिस्क मागणार होतो.

कंपनीच्या फोनवर आधी गाणं लागलं. ते गाणं मी इतका वेळ ऐकलं की आई ते गुणगुणायला लागली. मग एक अतिशय विनयशील मुलगी आली.

“सर, आपने रिकव्हरी डिस्क नहीं बनाई थी?”

“नाही.”

“सर, सिस्टम याद दिलाता है.”

“दिलाता था.”

“फिर, सर?”

या ‘फिर, सर’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लाइन खराब असल्यासारखं दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणालो.

डिस्क मिळतील, विकत मिळतील, कुरियरचे वेगळे पडतील, असं तिनं सांगितलं. म्हणजे जे मला कोऱ्या डिस्कांच्या किमतीत घरी बनवता आलं असतं ते आता मी कर आणि टपालखर्चासकट विकत घ्यायचं. मी लगेच हो म्हणालो. तिला फक्त यंत्राचा अनुक्रमांक हवा होता, आणि खातरीसाठी विंडोजच्या परवान्याची पंचवीस अक्षरं.

नेटबुकच्या पोटावरची ती पट्टी दीड वर्ष माझ्या मांडीवर घासून पुसट झाली होती. आता वाचणार कोण? मी नेटबुक उलटं धरून खाली शेठच्या पेढीवर गेलो. शेठनं कारागिराला हाक मारली. त्यानं एका डोळ्यात भिंग बसवलं, दिव्याखाली नेटबुक धरलं, आणि हिरा पारखावा तशा एकाग्रतेनं वाचायला लागला. मी मोबाइलवर त्या मुलीला सांगत होतो. दुकानात मुलीच्या लग्नाचा हार घ्यायला आलेलं एक कुटुंब होतं, ते हार सोडून आमच्याभोवती जमलं.

“बी,” कारागीर म्हणाला.

“बी फॉर भेडाघाट,” मी फोनवर म्हणालो.

“रुको. आठ है.”

“भेडाघाट नाही मॅडम, आठ.”

“जी.”

“जी फॉर ग्वारीघाट.”

“नहीं, छह लगता है.”

हार घ्यायला आलेल्या वधूपित्यानं स्वतःच्या चष्म्यातून बघून ‘जी’च्या बाजूनं मत दिलं. वधूचं मत ‘सहा’ होतं. पंचवीस अक्षरांना अर्धा तास लागला, आणि शेवटी कारागीर भिंग काढून, डोळे चोळत, धंद्यातला निर्णय द्यावा तसा म्हणाला, “सेठजी, मार्का साफ नहीं है. हम होते तो लेते नहीं.”

पैसे भरले. पाठोपाठ कुरियरचा माग काढायचा क्रमांक आला. तिसऱ्या दिवशी त्यात दिसलं: इंदूर. चौथ्या दिवशी इंदूर. पाचव्या दिवशीही इंदूर. पत्त्यात मी ‘सराफा’ लिहिलं होतं, आणि मध्य प्रदेशात सराफा म्हटलं की जगाला इंदूरचाच आठवतो, जिथं रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांवर खाण्याचा बाजार भरतो. आमच्या सराफ्यात रात्री शटरं पडली की फक्त कुत्री आणि चौकीदार उरतात. माझ्या डिस्क तिकडे भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे खात बसल्या असतील, या विचारानं माझा जीव जळत होता. पिनकोड लिहिला होता का, असं कुरियरवाल्यानं विचारलं. लिहिला होता. एक आकडा चुकला होता. कुणाचा हस्तदोष, ते सोडा.

दहाव्या दिवशी पाकीट आलं. कागदी खिशात दोन डीव्हीडी. शेठनं त्या हातात घेऊन नकळत वजनाचा अंदाज घेतला. आईनं हळदकुंकू लावायचं सुचवलं. मी नेटबुक टेबलावर ठेवलं, डिस्क काढली, आणि ती घालण्यासाठी हात पुढे केला.

तो हात बराच वेळ तसाच होता. ड्राइव्ह! २०१०पासून जो घ्यायचा होता तो ड्राइव्ह.

बालाघाटला मावसभाऊ लग्नांचं शूटिंग करतो. वधूवरांना द्यायच्या डीव्हीडी बनवायला त्याच्याकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह होता. लग्नसराई संपेपर्यंत तो द्यायला तयार नव्हता, आणि संपल्यावर त्यानं तो एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर छोट्या लाइनच्या गाडीनं पाठवला. ती नॅरोगेज पुढे २०१५ साली बंद झाली. तेव्हा चालू होती, म्हणजे तिला चालणं म्हणत असू. दिवसभर सातपुड्याच्या जंगलातून वळणं घेत ती हाऊबागला लागली तेव्हा मी फलाटावर चार तास उभा होतो. प्रवाशानं पिशवी हातात दिली आणि सांगितलं की नैनपूरला एका मुलानं यावर पाय ठेवला होता, पण हलकाच.

ड्राइव्हला दोन शेपट्या होत्या. एका यूएसबीच्या विजेवर त्याचं पोट भरत नसे, म्हणून दोन्ही खोचाव्या लागत. खोचल्या. डिस्क घातली. गिरणीसारखा आवाज झाला आणि पडद्यावर कंपनीचं नाव आलं! आईनं देवापाशी दिवा लावला. मग एक सूचना आली: पुढे गेल्यास आतली सर्व माहिती पुसली जाईल. ‘ठीक आहे’चं बटण दिसत नव्हतं. मी सवयीनं एंटर मारला. भेडाघाटावर मी लिहीत असलेली अकरा भागांची लेखमाला अशा रीतीनं नर्मदार्पण झाली. “बरं झालं,” आई म्हणाली. तिनं पहिला भाग वाचला होता.

दुसरी डिस्क मागितली, घातली. पहिली पुन्हा मागितली, घातली. तीन तास गेले. रात्री साडेनऊला नेटबुक पहिल्यासारखं झालं, अगदी दुकानातून आणलं तसं. तेच न बदलता येणारं निळं चित्र. तीच २३२. छुपा कप्पाही पुन्हा जागेवर. मी भाच्याला फोन लावत होतो तेवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उगवली. तुमच्या रिकव्हरी डिस्क अजून तयार केलेल्या नाहीत.

“आत्ता दाब,” आई म्हणाली. “ड्राइव्ह लावलेला आहे.”

ड्राइव्ह लावलेला होता, हे खरं. पण कोऱ्या डिस्क नव्हत्या, दुकानं बंद झाली होती, मी जेवलो नव्हतो, आणि आपल्याकडे आता कंपनीच्या डिस्क आहेतच की. मी ‘नंतर’ दाबलं.

२०१२ संपता संपता बहुतेक कंपन्यांनी नेटबुक बनवणंच सोडलं. लोकांना टॅबलेट आणि मोठे फोन आवडायला लागले होते. विंडोज ७ची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२०ला थांबवली. माझं नेटबुक त्याच्याही आधी पिशवीत गेलं होतं. आमच्या घरात फक्त सोन्याचा भाव तेवढा चालू राहिला.

२०२५च्या एप्रिलमध्ये तोळा लाखावर गेला. त्या दिवशी आईनं मला भाव ऐकवला नाही. स्टूल घेऊन तिनं स्वतः कपाटावरून पिशवी काढली आणि खाली जाऊन न्यारियाला बोलावलं. न्यारिया म्हणजे सराफ्यातल्या गटारीतला गाळ आणि दुकानांतला केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा. महाराष्ट्रात त्याला झारेकरी म्हणतात. हल्ली तो जुने मोबाइल आणि संगणकही घेतो. त्यानं जिन्यातच बसून पेचकसानं नेटबुक उघडलं, हिरवी पट्टी उन्हात धरून कडांवरची पिवळी टोकं बघितली, आणि दीडशे रुपये काढून आईच्या हातावर ठेवले.

“किती निघेल?” आईनं विचारलं. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रश्न होता.

त्यानं नखाच्या टोकाकडे बोट दाखवलं. मग पिशवी झटकली, आतलं कागदी पाकीट उघडलं, दोन्ही डिस्क उन्हात फिरवून बघितल्या आणि मला परत दिल्या.

“इनमें कुछ नहीं है, बाऊजी.”

त्या आता आईच्या डब्यात आहेत, १९६८च्या पावतीखाली. कुणाकडे त्या काळातलं दहा इंची नेटबुक पडून असेल आणि उपयोग होण्यासारखा असेल तर अवश्य घेऊन जावं. पत्ता सराफा, जबलपूर. पिनकोड नीट लिहावा. ड्राइव्ह बालाघाटला आहे.